दोन खड्ड्यांची गादी

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सामचॉनपोच्या बंदरात ऊन कधीच सगळ्यांना पुरलं नाही. मासेवाल्यांना जाळ्यांवर मासे वाळवायला ऊन हवं, मला तीळ धुऊन पसरायला हवं, आणि शेजारच्या ओ माल-सुनला गाद्यांसाठी हवं. आमच्या गल्लीच्या टोकाला धक्क्याची लांब भिंत आहे. सकाळी त्या भिंतीवर कोण आधी पोचतं यावरून आमची रोज भांडणं व्हायची. बहुतेक वेळा माल-सुन जिंकायची, कारण ती गादी डोक्यावरून पाठीपर्यंत टाकून यायची आणि समोर कुणाची टोपली आहे ते तिला दिसायचं नाही. निदान ती तसं म्हणायची.

तिचं कापूस पिंजायचं दुकान माझ्या तेलाच्या घाण्याला लागून होतं. मधली भिंत एकच. तिचं यंत्र धडधडायला लागलं की माझ्या फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या, आणि माझे तीळ भाजायला लागले की तिच्या गाद्यांना खमंग वास लागायचा. तिची गिऱ्हाइकं तक्रार करायची, तर ती म्हणायची, "वासाचे वेगळे घेत नाही, न्या गुपचूप."

नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा रांगत होता. पंधरवडा उलटला नाही तोच दीर यंत्र विकायला गाडी घेऊन आले. माल-सुनने यंत्राचा चामडी पट्टा आधीच काढून स्वतःच्या कमरेला गुंडाळला होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "न्या की. पण पट्ट्यासकट न्यायचं तर मलाही न्यावं लागेल, आणि मी खाते खूप." दिरांनी तिच्याकडे पाहिलं, गाडीवाल्याने दिरांकडे पाहिलं, आणि रिकामी गाडी परत गेली. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा सदरा घातला, बाह्या दुमडल्या आणि यंत्र चालू केलं. तेव्हापासून तिच्या भुवयांवर कायम कापूस. त्यामुळे ती तिशीतच म्हातारी दिसायला लागली आणि साठीपर्यंत तेवढीच म्हातारी राहिली.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गल्लीत तिचं नाव होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. माल-सुन गाद्या वाचायची.

शरद ऋतू लागला की लोक वर्षभर दबलेल्या गाद्या तिच्याकडे आणून टाकायचे. ती खोळीची शिवण उसवायची, कापूस जमिनीवर पसरायची, उकिडवी बसायची आणि हनुवटी गुडघ्यावर टेकवून बघत राहायची. कुठे कापूस दगडासारखा बसलाय, कुठे पिवळा पडलाय, कुठे भोपळ्याच्या बियांची सालं निघतायत. मग यंत्र सुरू करायच्या आधी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, स्वतःशीच बोलावं तशी बोलायची.

"मी कुणाचं नाव घेत नाही. पण काही बायका सुनेला भात वाढताना हात आखडतात आणि रात्री पांघरुणात चिक्की खातात."

त्या दिवशी गल्लीत चार सासवा एकमेकींशी बोलल्या नाहीत.

"मी कुणाचं नाव घेत नाही. पण काही नवरे बायकोकडे पाठ करून झोपतात असं सांगतात, आणि मधला कापूस तर भलतंच सांगतो."

लोक तिच्यावर चिडायचे, आणि पुढच्या शरदात पुन्हा गादी घेऊन यायचे. एक तर सगळ्या बंदरात तिच्यासारखी गादी कुणी भरत नव्हतं. आणि दुसऱ्याच्या गादीतून काय निघालं ते ऐकायचं असेल तर आपली देऊन तिथे बसावं लागायचं.

सोलमध्ये ऑलिंपिक व्हायच्या दोनेक वर्षं आधी प्यो देओक-सूने त्याची गादी आणली. हा प्यो आयुष्यभर बेटांवर जाणाऱ्या बोटीचं इंजिन सांभाळायचा. निवृत्त झाला, बायको गेली, मुलगी लग्न करून पुसानला गेली. एकटाच राहायचा, पण कडक इस्त्रीची पॅन्ट, कातरलेली मिशी, आणि बोलणं मोजकं. गादी त्याच्या लग्नातली होती, दोन माणसांची. बायको वारली त्याच वर्षी माल-सुनने ती एकदा पिंजून दिली होती.

त्या सकाळी मी तीळ भाजत होते. पलीकडे शिवण उसवल्याचा आवाज आला. मग माल-सुन ओरडली, "अगं घाणेवाली! ये बघू इकडे!"

मी झारा घेऊनच गेले. तिने कापूस पसरला होता आणि तोंडावर हात ठेवला होता.

"बघ. काय दिसतं?"

"कापूस."

"आंधळी आहेस. इथे एक खड्डा, आणि इथे दुसरा. दोन खड्डे! अगं, पाच वर्षांपूर्वी मी ही गादी अशी फुलवून दिली होती, केकसारखी. एकटा माणूस एकटा झोपला तर एकच खड्डा पडायला हवा ना?"

"लोळत असेल."

"लोळणाऱ्याचा खड्डा पसरट असतो. हे दोन वेगळे झोपलेले आहेत. शिस्तीत." तिचे डोळे चमकायला लागले होते. "आणि मी कुणाचं नाव घेत नाही..."

"माल-सुन, नको."

पण ती दारात पोचलीसुद्धा होती.

दुपारपर्यंत बातमी धक्क्यावर गेली. संध्याकाळपर्यंत प्योच्या गादीची दुसरी बाजू कुणाची यावर तीन पक्ष पडले. एक पक्ष ब्यूटी पार्लरवालीच्या बाजूचा, एक शेवाळाचं सूप विकणाऱ्या विधवेच्या, आणि तिसरा म्हणत होता की बाई बेटावरची आहे आणि भरतीच्या वेळी येते. मासेवाली गुम-न्ये तर प्योला समोरासमोर म्हणाली, "काका, एक मासा देऊ की दोन?"

प्योने दोन्ही घेतले, पैसे दिले आणि घरी गेला. गादी तयार झाल्यावर त्याने दोरीने पाठीशी बांधली, माल-सुनला कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमची नजर फार तीक्ष्ण आहे, बाई."

"सगळे म्हणतात," माल-सुन म्हणाली.

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं होतं. ते मला दिसलं, तिला नाही. ती पुढची गादी उसवायला लागली होती.

पुढच्या वर्षीचा शरद लागायच्या जरा आधी प्यो माझ्या घाण्यावर आला. तेल घेतलं. मग भिंतीकडे एकदा बघून हळूच विचारलं, "तुमच्याकडे एखादी जुनी अत्तराची बाटली आहे का? रिकामी चालेल. वास मात्र हवा."

"कशाला हो, काका?"

"गादीत घालायला."

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मी आत जाऊन बाटली आणली.

तेव्हा मला वाटलं की हे माझं आणि त्याचं गुपित आहे. नंतर कळलं की तो अख्ख्या गल्लीत फिरला होता.

माल-सुनने ती गादी उसवली तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे, कारण त्या दिवशी यंत्र सुरूच झालं नाही. आधी तिच्या बोटाला लांब केस लागला, तांबूस रंगवलेला. मग केसांचा झुपकाच. मग पितळेची अंबाड्यात खोचायची काडी. मग अत्तराची इवलीशी बाटली. मग जुगारात वापरतात तो फुलांचा पत्ता, चंद्राचं चित्र असलेला. आणि शेवटी गणवेशाचं एक चकचकीत बटण.

ती जेवली नाही. एका सुपात सगळ्या वस्तू मांडून बसली. भिंतीपलीकडून मला तिची कुजबुज ऐकू येत होती. वस्तूंची जागा बदलायची, परत बदलायची, मध्येच मांडीवर थाप मारायची. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिने सूप उचललं, दुकानासमोर उलट्या टोपलीवर ठेवलं आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून बटणं लावली, एखाद्या वकिलासारखी.

"मी कुणाचं नाव घेत नाही," तिने सुरुवात केली. मासे, मुळे, तेल सोडून लोक जमायला लागले. "पण या गल्लीत एक माणूस आहे. इस्त्रीची पॅन्ट घालतो. त्याच्या घरी तांबड्या केसांची बाई येते. इथली नाही. इथल्या बायका असलं अत्तर लावत नाहीत, हुंगून बघा. विलायती आहे. आता पत्ता बघा. पैसे लावून डाव चालतात. आणि हे बटण! आरमाराचं आहे हे. म्हणजे काय? म्हणजे जपानवरून चोरटा माल येतो. बोटीचं इंजिन कोण चालवायचं? बाई नाचणारी आहे, पत्त्यांवर गिऱ्हाईक बसतं, आणि आरमारातला एक माणूस डोळेझाक करतो."

"अगं बाई!" गुम-न्ये म्हणाली. तिने पदरासारखा एप्रन तोंडावर धरला होता. मला वाटलं ती घाबरली आहे. तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात गर्दीतून हवालदार नाम पुढे आला. टोपी काखेत, चेहरा गंभीर. माल-सुनचा आवाज आणखी वर चढला.

"बरं झालं आलात, साहेब! मला काही साक्षीबिक्षी द्यायची नाही. पण हे बटण नीट बघा."

नामने बटण उचललं, उन्हात धरलं, फुंकर मारून बाहीला पुसलं.

"आरमाराचं नाही हे."

"मग कुणाचं?"

"माझं." त्याने कोट उघडून दाखवला. खालून दुसरं बटण नव्हतं, तिथे काळा दोरा लोंबत होता. "प्यो काकांनी मागून नेलं. म्हणाले, परत मिळेल. बायको रोज बोलतेय मला."

गुम-न्ये वाकली आणि सुपातली पितळी काडी उचलली. "ही माझ्या सासूची. सगळं घर पालथं घातलं तिने. जाते मी, नाहीतर आज जेवण नाही." पार्लरवाली म्हणाली, "केस काही परत नकोत मला, रोज झाडून टाकते." लोक आता उघडउघड हसत होते. अत्तराच्या बाटलीवर मात्र कुणी हक्क सांगितला नाही. आमची भिंत एकच होती, आणि मला त्या भिंतीशेजारीच जन्म काढायचा होता.

शेवटी प्यो आला. दात कोरत, सावकाश.

"माझा पत्ता देता का, बाई? चंद्राचा. तो नसल्यामुळे आमचा डाव अडलाय."

माल-सुनने पत्ता दिला. सूप उचललं, आत गेली आणि दाराची फळी लावली.

नंतरचे काही दिवस आमच्या गल्लीत कुणालाच बरं वाटलं नाही. ती काम करायची, गाद्या भरायची, पैसे घ्यायची आणि एक शब्द बोलायची नाही. शिवण उसवायची तेव्हा लोक श्वास रोखून उभे राहायचे. काही नाही. गुम-न्येला राहवलं नाही. "मावशी, अहो एखादी शिवी तरी द्या!"

"यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही," माल-सुन म्हणाली. यंत्र बंद होतं.

प्योची गादी तिने सगळ्यात शेवटी घेतली, आणि अशी केली की मी हातातलं काम टाकून बघत राहिले. खोळ धुऊन, तांदळाच्या पेजेची खळ देऊन, ओलसर असतानाच दांडक्याने बडवून काचेसारखी केली. कापूस दोनदा पिंजला. मग थर लावले, एक उभा आणि त्यावर एक आडवा, म्हणजे कापूस एका बाजूला पळत नाही. मधोमध थर जास्त, कडेला कमी. खोळ उलटी करून त्यावर पसरली, कोपरे दोऱ्याने अडकवले, सगळं वळकटीसारखं गुंडाळलं आणि एका झटक्यात आतलं बाहेर केलं. टाके सैल घातले. घट्ट टाक्याने कापूस गुदमरतो, असं ती नेहमी म्हणायची. या वेळी तेही म्हणाली नाही.

गादी पोचवायलाही ती स्वतः गेली. मी सोबत गेले, कारण मला तिच्या गप्प राहण्याची भीती वाटत होती. प्यो दारात आला तो सावध होऊनच.

माल-सुन मधासारखी बोलायला लागली. "प्यो साहेब, झालं गेलं विसरा. गादी मात्र जपा हं. सकाळी उठल्याबरोबर घडी घालू नका. जमिनीखालच्या धुराड्याने जमीन रात्रभर तापलेली असते, गादी घामेजते. आधी उलटी करून पसरून ठेवा, वाफ जाऊ द्या, तोंड धुऊन या, मग उचला. ऊन असेल तेव्हा भिंतीवर टाका, दव गेल्यावर. दुपारचा खारा वारा सुटायच्या आत काढा. दोन्ही अंगांना ऊन द्या. आणि काठीने बडवू नका, ती काही तुमच्या बोटीचं इंजिन नाही. तळहाताने झटका."

"बरं."

"उन्हातून आणल्यावर लगेच कपाटात कोंबायची नाही. गरम गादी घडी केली की आत पाणी धरते. गार होऊ द्यायची. मग तीन घड्या. खाली वर्तमानपत्र, वर वर्तमानपत्र, आणि प्लॅस्टिक अजिबात नाही. प्लॅस्टिकमध्ये घालणाऱ्याला मी गादी देत नाही. तिच्यावर जड काही ठेवायचं नाही, दुलया ठेवा. कोरड्या दिवशी कपाटाचं दार उघडं टाका."

"आभारी आहे," प्यो म्हणाला. तो इतका ओशाळला होता की मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या सकाळी त्याने गादी अंगणाच्या भिंतीवर टाकली. दव गेल्यावर, अगदी सांगितल्याप्रमाणे. थोड्या वेळाने तिच्यावर एक मांजर येऊन बसलं. त्याने हाकललं. दोन आली. तुम्ही सामचॉनपोच्या बंदरातली मांजरं पाहिलेली नाहीत. माशांवर वाढलेली, कान फाटलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. दुपारपर्यंत भिंतीवर जागा उरली नाही. प्यो झाडू घेऊन एका बाजूने हाकलायचा, ती दुसऱ्या बाजूने चढायची. बोकोबा एका कोपऱ्यावरून एकमेकांवर फिस्कारत होते. गल्लीतली माणसं खुर्च्या घेऊन बसली. गुम-न्ये माशांची टोपली सांभाळत म्हणाली, "बघा हो, पहिल्यांदाच माझ्याकडे एकही फिरकलं नाही!"

भिंतीपलीकडे माल-सुनचं यंत्र बंद झालं. मग तिचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"मी कुणाचं नाव घेत नाही! पण काही लोकांच्या गादीवर रात्री दोघं पुरत नाहीत वाटतं!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी तर घाण्यावर डोकं टेकवून हसले.

संध्याकाळी प्यो गादी पाठीवर घेऊन दुकानात आला. मागून तीन मांजरं. माल-सुनने कात्री घेतली, एका कोपऱ्याचा टाका कापला आणि खोळीच्या दुमडीतून सुक्या बारीक मासळीच्या भुकटीची चपटी पुरचुंडी काढली.

"कापसाला हात लावलेला नाही मी," ती म्हणाली. "खोळीतच होतं. कापसाचा काय दोष?"

प्योने पुरचुंडीकडे पाहिलं आणि तो हसला. त्याला हसताना आमच्यापैकी कुणी तोवर पाहिलं नव्हतं. मिशी वर गेली आणि खाली एक सोन्याचा दात निघाला. माल-सुनही हसली. मी बार्लीचा चहा आणला. मांजरांना पुरचुंडी फोडून दिली.

चहा पिताना तिने विचारलंच. "आता खरं सांगा. पहिल्या वर्षी तर तुम्ही काही घातलं नव्हतं. मग ते दोन खड्डे कसले?"

प्यो कप फिरवत राहिला.

"आमच्या हिची शिस्त होती ती. एकाच जागी झोपलं की कापूस बसतो म्हणायची. अमावास्येपासून मी भिंतीकडे झोपायचो आणि ती दाराकडे. पौर्णिमेपासून उलट. बोटीवर असल्यामुळे भरती-ओहोटी मला कळायची, तर आठवण ठेवायचं काम माझ्याकडे. ती गेली. काम राहिलं माझ्याकडे."

यंत्राच्या पट्ट्यावर बसलेला कापूस माल-सुन नखाने खरवडत होती.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला विचारलं कुठे? तुम्ही गल्लीला सांगितलंत."

तिने पट्ट्यावरचा कापूस काढून त्यात नाक शिंकरलं. मग घसा साफ करून म्हणाली, "तुमच्या बायकोने अर्धंच शिकवलं. डोक्याची आणि पायाची बाजूसुद्धा बदलायची असते. चार खड्डे पडायला हवेत."

"बरं," प्यो म्हणाला.

पुढच्या शरदात त्याच्या गादीत चार निघाले. माल-सुनने मला बोलावून दाखवले. त्या वर्षी ती दारात जाऊन ओरडली नाही. म्हणजे त्याच्याबद्दल. बाकीच्यांचं चालूच होतं. फक्त एक फरक पडला. ओरडण्याआधी ती गादीच्या मालकाला आत बोलवायची आणि विचारायची, "हे काय आहे?" पुष्कळदा जे कळायचं ते तिने रचलेल्यापेक्षा भारी असायचं, आणि मग ती मुळीच सांगायची नाही. त्यामुळे आमचं फार नुकसान झालं.

हळूहळू लोकांनी पलंग घेतले. फोमच्या गाद्या आल्या, हलक्या दुलया आल्या, कपाटं लहान झाली. शरदात तिच्या दारातला ढीग गुडघ्याएवढा यायला लागला. एका वर्षी यंत्राचा मोठा दाता तुटला आणि तो करून देणारा कुणी उरला नव्हता. मुलगा तिला आपल्याकडे न्यायला छांगवॉनहून गाडी घेऊन आला. या वेळी तिने पट्टा काढला नाही. प्यो सामान चढवायला आला होता. गाडीत काय आधी जावं आणि काय नंतर यावरून दोघं शेवटपर्यंत भांडली, आणि गाडी निघाल्यावर तो धक्क्याच्या भिंतीपर्यंत मागे चालत गेला. दर हिवाळ्यात तो तिला वाळलेल्या माशांची पेटी पाठवायचा. ती त्याला हाताने भरलेली उशी पाठवायची. उशी आली की आधी तो ती अंगणात ठेवून मांजरं येतात का ते बघायचा.

मी तिला भेटायला गेले ती वसंतात. बाराव्या मजल्यावरचं घर, लिफ्टमध्ये आरसा. सून चांगली होती, पण दार उघडताच मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी सांगा आईंना. एवढा महागाचा पलंग घेतला, आणि त्या खाली झोपतात."

मी खोलीत जाऊन पाहिलं. माल-सुन जमिनीवर बसून टाके घालत होती. पलंगावर तिच्या तीन गाद्या, नीट घड्या घालून, मध्ये वर्तमानपत्रं.

"पलंग फार छान आहे गं," ती म्हणाली. "जमिनीची ओल लागत नाही, चारी बाजूंनी वारा. गाद्या ठेवायला याच्यासारखं काही नाही."

दुपारी ऊन आलं तसं तिने मला आणि सुनेला कामाला लावलं. मोठी गादी बाल्कनीच्या कठड्यावर टाकली. खालून चौकीदार ओरडला, की कठड्यावर गाद्या टाकायच्या नाहीत, नियम आहे. माल-सुनने कानाला हात लावून ऐकू येत नसल्याचं दाखवलं. तो लिफ्टने वर आला, टोपी नीट करून आत शिरला, बोलायला तोंड उघडलं. तिने गादीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"बरं झालं आलात. ही बाजू झाली. आता उलटायची आहे. धरा नीट, जरा वर."

त्याने धरली.